पनवेलला बदनाम झालेलं मशीन

पनवेलला लोक गाडी बदलायला उतरतात, नाहीतर जमिनीच्या व्यवहाराला. मी भांडायला उतरलो. त्यामुळे या वर्णनात देवळं आणि सूर्यास्त कमी आहेत. पनवेलला तळी चांगली आहेत असं ऐकलं. मी एक पाहिलं, तेही चालून चालून दमल्यावर कठड्यावर टेकलो म्हणून.

भांडणाचं कारण आधी सांगतो. कोल्हापुरात माझी मशीनं बनवायची शेड आहे. लेथवर उभं राहून राहून ती मी उभी केली, कुणी दिलेली नाही. तीन वर्षं खपून मी धातू जोडायचं एक मशीन बनवलं. त्या पद्धतीला फ्रिक्शन स्टर वेल्डिंग म्हणतात. ठिणगी नाही, धूर नाही, रॉड नाही. दोन पत्रे शेजारी ठेवून आवळायचे आणि त्यांच्या सांध्यात गरगर फिरणारी एक बोथट सुई दाबून पुढे न्यायची. घर्षणाने धातू तापतो, पण वितळत नाही. तो मऊ पडतो आणि सुई दोन्ही बाजूंचा धातू एकमेकांत घुसळत जाते. कणकेचे दोन गोळे बोटाने एकमेकांत मळावेत, तसं. हे मी गिऱ्हाइकांना इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही सांगेन.

पहिलं मशीन घेतलं चांगुणाताईंनी. उरणच्या खाडीकाठचं मच्छीमार घराणं, स्वतः मासळीच्या व्यापारात, आणि पनवेलच्या बाहेर उरण रस्त्याला त्यांची शेड. तिथे होड्यांसाठी बर्फाच्या अॅल्युमिनियमच्या पेट्या बनतात. आठ महिने तिकडून फोन आला नाही, म्हणून मी समजलो की सगळं ठीक आहे. मग नाशिकच्या एका गिऱ्हाइकाने चौकशीसाठी पनवेलला फोन लावला. त्यांच्यासाठी मी दोन मशीनं अर्धी बांधून ठेवली होती. चांगुणाताईंनी त्यांना एकच वाक्य सांगितलं: "मशीन दिसायला चांगली हाय, पन जोडत नाय."

नाशिककरांनी मला शनिवारपर्यंत मुदत दिली. त्या बाईंनी स्वतः फोन करून हो म्हटलं तर बघू, नाहीतर विषय संपला. ती दोन अर्धी मशीनं दुसरं कुणी घेणारं नव्हतं आणि त्यांच्यापायी माझी निम्मी शेड अडून होती. मी बुधवारी रात्री बसमध्ये बसलो. सोबत माझ्या हाताने तासलेले पत्र्याचे चार तुकडे होते.

गुरुवार, स्टँड ते शेड

पनवेलच्या स्टँडबाहेर रिक्षावाल्याने भाडं सांगितलं. मी नेहमीप्रमाणे हसलो आणि चालू लागलो. कोल्हापुरात यावर रिक्षावाला दहा पावलांत मागून येतो. मी चाळीस पावलं मोजली आणि वळून पाहिलं. त्याने दुसरं भाडं घेतलं होतं. माझ्या शेजारून जाताना त्याने हात हलवला, तोही अगदी आपुलकीने. त्यानंतर दुसऱ्या रिक्षेला हात करणं मला कमीपणाचं वाटलं. तासभर चाललो. तळं पाहिलं ते या तासात.

शेडच्या दारातून मला माझं मशीन दिसलं नाही. जाळं दिसलं. निळं, नायलॉनचं, वाळत घातलेलं. त्याच्या खाली माझं मशीन होतं. ज्या टेबलाचा माथा सपाट करायला मी चार दिवस घालवले होते, त्यावर खाऱ्या पाण्याचे डाग होते. वरच्या भागाला मात्र हळद-कुंकू ताजं होतं. म्हणजे पूजा चुकत नव्हती, फक्त काम होत नव्हतं.

चांगुणाताई प्लास्टिकच्या खुर्चीत बसून दोन फोनवर मासळीचा लिलाव सांभाळत होत्या. पन्नाशीच्या, अंगाने भक्कम, आवाज त्याहून भक्कम. मी तोंड उघडलं तसा त्यांनी हात वर केला.

"आदी जेवा."

मी म्हणालो, मी भांडायला आलोय.

"भांडा ना. जेवून भांडा. उपाशी मानूस काय पन बोलतं."

आमच्याकडे भांडायला आलेल्याला चहा देतात. कप खाली ठेवेपर्यंत मुद्दा निघालेला असतो. इथे पुढ्यात चिंबोरीचं कालवण आलं, म्हणजे खेकड्याचं, आणि पांढरीशुभ्र तांदळाची भाकरी, आमच्या ज्वारीच्या भाकरीपुढे कागदासारखी पातळ. मी रस्सा वाटीत मागितला. वाटी आली, पण सगळे माझ्याकडे बघू लागले. नंतर कळलं की चिंबोरीचा डांगा म्हणजे तिची नांगी; तो फोडायचा असतो, त्यासाठी दात लागतात आणि लाज सोडावी लागते. माझी चाललेली खटपट बघून चांगुणाताईंनी माझ्या ताटातला डांगा उचलला, फोडला आणि गर काढून परत ठेवला. ज्या बाईशी भांडायचं तिने भरवल्यासारखं केलं की आवाज चढवायला अडचण होते. हा त्यांचा धंद्यातला डाव होता की रीत होती, ते मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. कालवण मात्र असं होतं की मी दुसरी भाकरी मागितली.

मशीन चालवत होते काशीरामदादा, चांगुणाताईंचे थोरले भाऊ. साठीला टेकलेले, जन्मभर जेट्टीवर होड्यांचं वेल्डिंग केलेले, हातांवर भाजल्याचे ठिपके. बोलणं कमी. त्यांनी माझ्यासमोर एक कापलेला जोड ठेवला. वरून पट्टा गुळगुळीत. कापलेल्या बाजूने पाहिलं तर जोडाच्या पोटात एक बारीक बोगदा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. अशा जोडाच्या पेटीत पाणी भरलं की बाहेरून घाम फुटल्यासारखी ओल येते. बर्फाच्या पेटीला हे चालत नाही.

मी माझे तुकडे काढले, जाळं बाजूला केलं, टेबल पुसलं आणि स्वतः मशीन चालवलं. जोड कापला. आत काही नाही, सलग धातू. तो तुकडा घेऊन मी शेडमधल्या चारही कामगारांना दाखवत फिरलो. तेवढ्यात काशीरामदादांनी आपले पत्रे टेबलावर आवळून बांधले. त्यांनी ते बांधले कसे, हे मी तेव्हाच बघायला हवं होतं. पण मी मिरवत होतो. त्यांनी वेगाच्या आणि दाबाच्या माझ्याच आकड्यांवर मशीन चालवलं, जोड कापला. बोगदा.

यावर मी जे बोललो ते आता लिहायला बरं वाटत नाही, पण प्रवासवर्णनात खोटं कशाला लिहा. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मशीन तेच, आकडे तेच. फरक हाताचा आहे. चांगला हात माझ्याकडे विकत मिळत नाही."

काशीरामदादांनी मशीन बंद केलं, जाळं उचललं आणि ते परत मशीनवर नीट पसरलं. चारही कोपरे ओढून.

मी चांगुणाताईंना म्हणालो, मशीन चांगलं आहे हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं, आता नाशिकला फोन करा.

"उद्या शुक्रवार. या भागात वीज नाय."

मी म्हणालो, फोनला वीज लागत नाही.

"माझ्या फोनला लागते," त्या म्हणाल्या.

शुक्रवार, उलवे, जेट्टी आणि चिरनेर

आमच्या भागात कारखान्यांची वीज सोमवारी जाते, त्यांच्याकडे शुक्रवारी. आम्ही त्या दिवशी मशीनं पुसतो. हे लोक नातेवाइकांकडे जातात. चांगुणाताई सकाळी लॉजवर गाडी घेऊन हजर. मला वाटलं राग गेला. राग गेला नव्हता. पाहुणा लॉजवर एकटा बसला तर त्यांच्या घराची नाचक्की होते, एवढंच होतं. राग आणि पाहुणचार हे त्यांच्याकडे दोन वेगळे विभाग आहेत.

उलव्यातून गेलो. उलव्यात इमारत आधी येते आणि रस्ता मागाहून. आमच्या ड्रायव्हरने एका वळणाशी गाडी थांबवली आणि सांगितलं की हे वळण गेल्या आठवड्यात इथे नव्हतं. नव्या विमानतळाच्या बाजूला धूळ, क्रेन आणि घरांच्या जाहिराती. चांगुणाताईंनी काचेवर बोट ठेवून दाखवलं, तिथे त्यांच्या बहिणीच्या सासऱ्यांचं मिठागर होतं. त्या जागी आता दहाव्या मजल्यावर कुणाचे तरी कपडे वाळत होते. मी विचारलं, भाव काय मिळाला? त्यांनी सांगितला. मी म्हणालो, कमी मिळाला. त्या म्हणाल्या, "ते आमाला पन म्हाईत हाय." त्या दोन दिवसांत आमचं पहिल्यांदा एकमत झालं.

जेट्टीवर त्यांना एका होडीमालकाशी बोलायचं होतं. मी गाडीतून उतरलो आणि समोर काशीरामदादा दिसले. वीज नसली की ते इथे येतात. जनरेटरवर त्यांचं वेल्डिंग चाललं होतं. एका लोखंडी होडीच्या कुशीला नवा पत्रा बसवत होते. मला त्यांच्यासमोर जायचं नव्हतं, म्हणून मी बर्फाच्या गाडीआड उभा राहिलो आणि बघत बसलो.

त्यांनी पत्रा जुन्या पत्र्याला लावला. मग खिशातून हॅक्सॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं, मोडकं पातं काढलं आणि दोन पत्र्यांच्या मधे सरकवलं. दोन ठिकाणी वेल्डिंगचे टाके मारले, पातं उपसून पुढे सरकवलं, आणखी दोन टाके. प्रत्येक जोडाला तेच. पात्याकडे ते बघतसुद्धा नव्हते. शर्टाचं बटण लावताना आपण बघत नाही, तसं.

मी बर्फाच्या गाडीला टेकलो. पाठ भिजली.

वेल्डिंगवाल्याला फट लागते. रॉडचं वितळलेलं लोखंड सांध्याच्या तळापर्यंत उतरायला वाट हवी, म्हणून तो पात्याच्या जाडीएवढी, मिलिमीटरभर फट मुद्दाम ठेवतो. जो ठेवत नाही तो वरवर लिंपतो, आणि त्याचा जोड समुद्रात सुटतो. मी मिलिंगवाला, धातू तासून सपाट करणारा. आमच्या धंद्यात दोन कडांमधून उजेड दिसला की काम परत येतं. आणि माझ्या मशीनला बाहेरून धातू मिळतच नाही. तुम्ही फट ठेवली तर ती भरायला सुईजवळ काही नसतं. वरचा पट्टा गुळगुळीत होतो आणि फट आत बोगदा होऊन राहते. काशीरामदादा माझे पत्रेही पातं घालूनच बांधत होते. त्यांचा हात वाईट नव्हता. फार चांगला होता, पण दुसऱ्या कामासाठी.

हे मी तिथेच ओरडून सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. जवळ माल आला की तो लगेच सोडायचा नाही, एवढं मी धंद्यात शिकलोय.

दुपारी चिरनेरला त्यांच्या नात्यात जेवण होतं. गावात जंगल सत्याग्रहाचं स्मारक आहे, ते बघायला थांबलो. तिथे मी सौदा काढला. म्हणालो, जोड पोकळ का होतो ते मला कळलंय. तुम्ही नाशिकला फोन करा, मी कारण सांगतो.

"कारन सांगा. फोनचा मग बघू."

मी म्हणालो, आधी फोन.

त्यांनी स्मारकाकडे बोट दाखवलं. "हिथल्या मानसांनी गोऱ्या सरकारला दाद दिली नाय. तुमी तर एसटीनं आलेले."

मी आवाज चढवला. म्हणालो, माझी दोन मशीनं अडकलीत, उद्या शेवटचा दिवस आहे, तुमच्या एका वाक्यावर माझ्या तीन वर्षांच्या मेहनतीची माती होते, हा कुठला न्याय. दोन बायका कळशा घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या. चांगुणाताईंनी त्यांना हातानेच पुढे व्हायला सांगितलं आणि माझ्याकडे वळल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला होता.

"कोल्हापूरकर, फोन मशीनसाठी अडला नाय. माझ्या भावाला तुमी पोरांसमोर बोललात. त्याच्या जोडावर मानसं दर्यात जातात. आजवर एक होडी त्याच्या जोडावर फुटली नाय. तुमी एका दुपारात त्याचा हात काढलात."

मी सौदा गुंडाळला आणि जेवायला गेलो. वालाचं बिरडं होतं आणि जिताडा नावाचा खाडीतला मासा, ज्याच्याबद्दल हे लोक आमच्याकडे कुस्तीबद्दल बोलतात तसं बोलतात. एक काटा घशात अडकला. कोरडी भाकरी गिळून तो उतरवला. कुणी हसलं नाही, आणि ते जास्त लागलं.

शनिवार, शेड

सकाळी मी सगळ्यांच्या आधी शेडवर गेलो. मशीनवरचं जाळं मी स्वतः काढलं आणि घडी घातली. ती चुकीची होती. मागून आलेल्या एका कामगाराने ती उलगडून परत घातली. काशीरामदादा आले. मी त्यांना पत्रे बांधायला सांगितलं. त्यांचा हात खिशाकडे गेला.

"दादा, पातं नको."

"गॅप नको?"

"नको. कडेला कड भिडवा. उजेड दिसता कामा नये."

होडीला तळ नको म्हटल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पण भिडवले. मशीन चालवलं. जोड थंड होईपर्यंत कुणी जागचं हललं नाही. कापला. सलग धातू. काशीरामदादांनी त्यावरून अंगठा फिरवला, मग कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली माझी माहितीपुस्तिका आणली. अकरा पानं, मी स्वतः लिहिलेली.

"हे यात कुठं हाय?"

ते त्यात कुठेच नव्हतं, हे मला माहीत होतं. मशीन बसवल्यावर शिकवायला मी दोन दिवस आलो होतो, तेव्हाही पत्रे कोल्हापूरहून बांधूनच आणले होते. मी म्हणालो, "अहो, एवढी साधी गोष्ट..." आणि थांबलो. आवाज चढायला लागला होता.

"फट कुणी ठेवेल असं मला वाटलं नाही," मी म्हणालो.

"कुनी ठेवनार नाय असं आमाला वाटला नाय," ते म्हणाले.

चांगुणाताईंनी फोन काढला, नाशिकचा नंबर लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला आणि फोन मशीनच्या टेबलावर ठेवला. म्हणाल्या, मशीन जोडते. काय झालेला ते हे सांगतील. मग माझ्याकडे बघून त्या हळूच म्हणाल्या, "हाताचा पन सांगा."

मशीन विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला स्वतःची चूक सांगायची हे मी आयुष्यात केलं नव्हतं. मी सांगितलं. पुस्तिकेत फटीबद्दल लिहायचं राहिलं, चूक माझी आहे. काशीरामदादांच्या हाताला मी नावं ठेवली, तेही चूक होतं. चारही कामगार ऐकत होते. त्यांना ऐकवायचं होतं म्हणूनच तर आवाज मोठा ठेवला होता.

नाशिककरांनी विचारलं, "आमचं काम लोखंडी पट्टीवर अॅल्युमिनियम बसवायचं आहे. ते होतं का?"

"होतं," मी म्हणालो. हे तोंडातून आपोआप जातं. घरी मी ते दोनदाच केलं होतं आणि एकदा सुई मोडली होती.

"होतं," काशीरामदादा मागून म्हणाले. "पन यांच्या पद्धतीनं नाय."

"कोण बोलतंय?"

"मशीन चालवनारा."

त्यांनी आपली हत्यारांची पेटी उघडली आणि फडक्यात गुंडाळलेला एक तुकडा काढला. खाली लोखंडी पट्टी, वर अॅल्युमिनियमचा पत्रा, एकमेकांवर ठेवून जोडलेले. एकावर एक ठेवल्यावर मधे पातं घालायचा प्रश्नच येत नाही. आठ महिने काम संपल्यावर ते भंगारातल्या तुकड्यांवर हे करत बसले होते. कुणाला दाखवलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं.

मी तो तुकडा व्हाइसच्या जबड्यात आवळला आणि हातोडा घातला. चार घाव घातले. पाचव्या घावाला अॅल्युमिनियम शेजारून टर्रकन फाटलं. जोड तसाच.

"काय झालं?" नाशिकहून आवाज आला.

"फाटला," चांगुणाताई म्हणाल्या. "पन जोडावर नाय."

नाशिककर म्हणाले, एक मशीन घेतो. दोन नाही. ते दादा स्वतः बसवायला आणि शिकवायला येणार असतील तर, आणि पुस्तिका नवीन हवी. मी दुसऱ्या मशीनसाठी जोर लावला. मी म्हणालो, अहो, आत्ताच ऐकलंत ना. ते म्हणाले, ऐकलं म्हणूनच एक घेतोय. आणि फोन ठेवला. दुसरं मशीन अजून माझ्या शेडमध्ये अर्धं उभं आहे. कुणाला हवं असेल तर कळवावं, भावात थोडं इकडेतिकडे होईल.

काशीरामदादांना नाशिकला पाठवायचे मी किती पैसे द्यायचे, यावरून चांगुणाताईंशी माझी अर्धा तास घासाघीस झाली. त्यात मी हरलो. त्यांनी चहा मागवला.

बसला दोन तास होते. नव्या पुस्तिकेसाठी मी कागद मागितला. चांगुणाताईंनी लिलावाची एक जुनी चिठ्ठी दिली, तिची मागची बाजू कोरी होती. काशीरामदादा मशीनला टेकून उभे राहिले आणि सांगू लागले, मी उलट्या डब्यावर बसून लिहू लागलो. पहिली ओळ फटीची. दुसरी ओळ लोखंडावर सुई किती टेकवायची याची होती. ती मी त्यांना परत एकदा सांगायला लावली.